ठराव क्रमांक चौतीसचा सूचक

विद्यापरिषदेच्या बैठकीला नांदेडला जाताना मी कडक इस्त्रीचा सफारी घालतो, हे आधीच सांगून टाकतो. लातूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मान मिळतो तो वर्षातून चारदा, आणि तोही तिथंच. टेबलावर पाटी असते, डॉ. मल्लिनाथ बिराजदार. पदव्यांचे अभ्यासक्रम बदलायचे, नवे काढायचे, जुने बंद करायचे, सगळं आमच्या मंजुरीनं होतं. म्हणजे कागद विद्यापीठाचा शैक्षणिक विभाग तयार करतो आणि आम्ही ‘मंजूर’ म्हणतो.

जूनच्या बैठकीत एकसष्ट विषय होते. चौतिसावा आला तो जेवणानंतर, डोळे पेंगत असताना. विभागाचे उपकुलसचिव वैजनाथराव यांनी तो भरभर वाचला. ‘बहिःस्थ एम.ए.च्या संपर्क सत्रांचे ऑनलाइन माध्यमात रूपांतर.’

“सूचक कोण?” अध्यक्षांनी विचारलं. ठराव मांडणारा म्हणून कुणाचं तरी नाव लागतंच. वैजनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हात वर केला. विषयाचा कागद मी उलटूनही पाहिला नव्हता. इतिवृत्तात नाव छापून येतं याची हौस, आणि सव्वाचारची बस गाठायची घाई. दुसरं काही कारण नव्हतं.

संपर्क सत्रं म्हणजे आपल्याच कॉलेजात आपणच घेतो ते शनिवारचे वर्ग, हे या विद्वानाच्या डोक्यात शिरलं ते आठ दिवसांनी, बंदचं पत्र टेबलावर आल्यावर.

शेवटच्या शनिवारी तास संपल्यावर महादेवी थांबली. चाकूरची, तिशीतली, दोन मुलांची आई. घरचं किराणा दुकान, सासऱ्यांचं; त्यांना ती मामा म्हणायची. दोन वर्षं ती पहिल्या बाकावर बसत होती आणि मी तारीख चुकलो की न लाजता हात वर करत होती. वर्गात असा एकच विद्यार्थी असला तरी मास्तर आदल्या दिवशी वाचून जातो. मी जात होतो.

तिनं पिशवीतून कागद काढला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं इतिवृत्त तिनं चाकूरच्या नेट कॅफेतून छापून आणलं होतं.

“सर, ह्ये बगा. सूचक म्हनून तुमचं नाव टाकलंय. तुमी असं कसं करताल? कुनीतरी चुकून घातलंय.”

खरं सांगायची वेळ तीच होती. मी चष्मा पुसला. म्हणालो, “हो ना. चुकूनच पडलं असणार.”

“मला वाटलंच.” तिचा चेहरा उजळला. “मग काढायला लावा सर. मामा म्हनायलेत, हजेरी सक्तीची होती म्हनून पाठवत होतो, आता मोबाईलवरच शिकायचंय तर लातूरला कशाला? आन् मोबाईल तर ह्यांचा, दिवसभर दुकानात ऱ्हातो. मी शिकू कशावर?” मग कागदाची घडी घालत म्हणाली, “हजेरीला हितं माझं नाव घेतेत सर. घरी दिवसभर सुनबाई न्हाई तर मम्मी.”

“सप्टेंबरच्या बैठकीत बोलतो,” मी म्हणालो.

बोलणार होतो, शपथेवर सांगतो. नांदेडच्या बसमध्ये मी दोन पानं लिहिली. ठराव मी न वाचता मांडला, तो मागे घेतो, वर्ग पुन्हा सुरू करावेत. लिहून झाल्यावर ऊर भरून आला. पण सभागृहाच्या दारातच वैजनाथराव भेटले आणि मी नको तिथून सुरुवात केली. म्हणालो, “ते चौतीसमध्ये माझं नाव आलंय…”

“नावच ना? त्यात काय!” ते हसले. “इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती सांगा. शिल्पा मॅडमचं घालू, त्या काही म्हणत नाहीत.”

शिल्पा मॅडम उदगीरच्या, परिषदेत नव्या, माझ्या शेजारच्याच खुर्चीत. अध्यक्षांनी विचारलं, “मागील इतिवृत्तात काही दुरुस्ती?” मी उभा राहिलो. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. पानं खिशात होती, हातही खिशापर्यंत गेला होता. न वाचता ठराव मांडला, हे त्या चाळिसांसमोर सांगायचं? पाटीवरचं नाव मला दिसत होतं.

“ठराव चौतीसला सूचक म्हणून माझं नाव नजरचुकीनं आलं आहे,” मी म्हणालो.

“दुरुस्ती मान्य. इतिवृत्त कायम.” वैजनाथरावांनी तिथं शिल्पा मॅडमचं नाव घातलं. अर्ध्या मिनिटात आटोपलं.

खाली बसलो तेव्हा शिल्पा मॅडम हळूच म्हणाल्या, “सर, हात तर तुम्हीच वर केला होता ना?” मी पुढच्या विषयाचा कागद वाचू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा विषय मी पूर्ण वाचला. त्यानंतर दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मला स्वतःची किळस आली. तरी चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली.

परतीच्या बसमधून महादेवीच्या नवऱ्याच्या नंबरवर मेसेज टाकला. ‘माझं नाव काढलं.’ तेवढं तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. ‘थँक्यू सर. मला खात्री होती. मामांना सांगितलं, सरांनी ठराव काढायला लावला. येते शनिवारी.’

चार वेळा उत्तर लिहिलं, चारही वेळा पुसलं. शुक्रवार गेला. शनिवारी घरीच पेपर वाचत बसलो होतो, तर साडेदहाला कॉलेजचा शिपाई रेवणप्पा याचा फोन आला.

“सर, चाकूरच्या बाई आल्यात. सोबत शनिवारच्या वर्गातल्या मुरुडच्या दोघी हायत. वर्गाला कुलूप हाय, पायरीवर बसल्यात. चाकूरच्या बाई म्हनायल्यात, सर येनारच, आमी थांबतो. काय सांगू?”

कॉलेज माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पायात चप्पलही होती.

“सांग,” मी म्हणालो, “सर नांदेडला गेलेत.”