दहा पन्नासची गाडी

आमच्या केंद्रातून रोज अकरा शाळांचं दुपारचं जेवण जातं. बाराशे मुलं, पाच गाड्या. कुठली गाडी कधी सुटणार, तिच्यात काय चढणार, हे बघायचं काम माझं. माझं नाव सुगाई; इथे आदराने सुगाईसान म्हणतात. बावीस वर्षं उत्तर जपानातल्या मोगामी नदीच्या काठाकाठाने मालट्रक चालवला, मग पाठीने संप पुकारला तेव्हा या टेबलाशी येऊन बसलो.

पहिली गाडी दहा पन्नासला सुटते. ती डोंगरातल्या शाळेची, सगळ्यांत लांबची. नियम असा की मुलांना वाढण्याआधी अर्धा तास मुख्याध्यापकांनी स्वतः जेवून बघायचं. गाडीला उशीर झाला की मुख्याध्यापकांचा घास लांबतो आणि त्यांच्यामागे एकोणचाळीस मुलं ताटकळत बसतात.

यातली नाजूक गोष्ट वेगळीच आहे. बाराशेंपैकी त्रेसष्ट मुलांना काही ना काही चालत नाही. कुणाला अंडं, कुणाला दूध, कुणाला सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया, कुणाला अक्रोड. त्यांचं जेवण वेगळ्या खोलीत शिजतं, वेगळ्या डब्यांत भरलं जातं आणि प्रत्येक डब्यावर गुलाबी चिठ्ठी लागते: नाव, शाळा, वर्ग, आणि डब्यात काय नाही ते. या चिठ्ठ्या डेटाबेसमधून छापून येतात. फाइल मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर असते आणि आम्ही पाच जण आपापल्या कॉम्प्युटरवरून ती वापरतो. पावणेनऊपर्यंत शाळा गैरहजर मुलं कळवतात, पालक डॉक्टरांचा नवा कागद पाठवतात. ते सगळं भरून झालं की आमच्या आहारतज्ज्ञ बाई, शिओनो सेन्सेई, बटण दाबतात. मार्चपर्यंत त्रेसष्ट चिठ्ठ्या चार मिनिटांत निघायच्या. एप्रिलपासून चाळीस मिनिटं लागायला लागली.

पहिला आठवडा आम्ही म्हटलं, नवं शालेय वर्ष आहे, नवी नावं आहेत, मशीनलाही ओळख व्हायला वेळ लागत असेल. दुसऱ्या आठवड्यात कुणी काही म्हणेना. तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, छपाई मध्येच अडकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. डोंगराची गाडी अकरा वाजून नऊ मिनिटांनी सुटली.

बाराच्या आत मुख्याध्यापकांचा फोन आला. आमचे केंद्रप्रमुख नुमाझावासान उभं राहून, फोनसमोरच कमरेत वाकून माफी मागत होते. फोन ठेवला आणि ते सेन्सेईंकडे वळले.

"चिठ्ठ्या आदल्या दिवशी चार वाजता काढून ठेवू या. सकाळची कटकटच नको."

"आणि सकाळी एखाद्या आईचा फोन आला तर?"

"तेवढी एक चिठ्ठी हाताने बदला."

"या महिन्यात अशा पाच सकाळी आल्या. घाईत कुठली बदलली आणि कुठली राहिली, ते कोण सांगणार? तुम्ही?"

नुमाझावासान वाईट माणूस नव्हे. त्यांना फक्त फोनची भीती वाटते. "मग करायचं काय, म्हणता?"

"मशीन का रखडतंय ते शोधायचं."

सेन्सेईंना मी सहा वर्षं ओळखतो. चौतिशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज इतका हळू की पंखे चालू असले तर ऐकू येत नाही. पण एकदा कोबी कापायच्या यंत्राचा एक स्क्रू सापडेना, तेव्हा याच बाईंनी ऐंशी किलो कोबी मूठमूठ करून चाळायला लावला होता. स्क्रू शेवटी यंत्राखालीच निघाला. त्या दिवसापासून सेन्सेई "शोधायचं" म्हणाल्या की सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

गावाच्या कचेरीतले कुवाबारासान दर गुरुवारी येतात. सगळ्या गावाचे कॉम्प्युटर या एकट्या माणसाच्या गळ्यात. त्यांनी मागच्या खोलीत डोकावून बघितलं, सर्व्हरवर हात ठेवला, ताप आलाय का बघावं तसा.

"म्हातारा झालाय, सेन्सेई. नवा पुढच्या वर्षी मागितलाय. तोवर जरा सबुरीने घ्या."

"मार्चमध्ये तो तरुण होता का?"

"अं?"

"मार्चमध्ये चार मिनिटं लागत होती. एका महिन्यात एवढं म्हातारपण येतं?"

कुवाबारासानांनी मान खाजवली. मी म्हणालो, "उंदरांनी केबल कुरतडली असेल."

"सुगाईसान!" सेन्सेई दचकून दाराकडे बघायला लागल्या. "या इमारतीत त्या प्राण्याचं नावही काढायचं नाही."

कुवाबारासानांनी केबल बदलली. फरक शून्य. मग त्यांनी व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामला सांगितलं की ही एक फाइल दर वेळी तपासत बसू नकोस. चाळीसची छत्तीस मिनिटं झाली. कुवाबारासान खूश झाले.

"हा चोर नव्हे," सेन्सेई म्हणाल्या, "चोराचा मेहुणा असेल फार तर."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात स्वयंपाकघरातलं टायमर लटकायला लागलं, भाजी उकडताना लावतात ते. सकाळी सात दहाला, बाकी कुणी यायच्या आत, त्या चाचणीच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि वेळ वहीत लिहायच्या. नऊ वाजता खऱ्या काढायच्या, तीही वेळ लिहायची. आमच्याकडे काय करत होतात, कुठली खिडकी उघडी होती, याची चौकशी व्हायची. पोलीस परवडले. चौथ्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. सात दहाची वेळ रोज तीन मिनिटं, नऊची रोज छत्तीसच्या आसपास.

"म्हणजे सर्व्हर म्हातारा नाही," मी म्हणालो. "म्हातारा सकाळी पळतो आणि नवाला लंगडतो, असं कसं होईल?"

"हेच म्हणत होते मी. नवाला काय बदलतं?"

"आम्ही येतो."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. माझा कॉम्प्युटर पाचांत सगळ्यांत जुना. बाकीचेही माझ्याकडेच बघायला लागले होते, कुणी उघड म्हणत नव्हतं इतकंच. खरं सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. साठीला आलेला माणूस, टंकायला दोन बोटं वापरतो, आणि त्याच्या पायी त्रेसष्ट मुलांचे डबे अडतात! सकाळी मीच जाऊन म्हणालो, "माझं मशीन बंद ठेवा. मी गाड्यांची यादी हाताने करतो."

"एकट्या तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचीच बंद ठेवू. मग एकेक उघडू. ज्याचा दोष असेल तो दिसेल, आणि तुमचा नसेल तर तेही दिसेल."

शनिवारी शाळा नसतात. आम्ही पाचही जण आलो, कुवाबारासानही आले, सुट्टीवर पाणी सोडल्यासारखा चेहरा करून. सेन्सेईंनी टायमर लावलं. त्या एकट्या: तीन मिनिटं. माझं मशीन उघडलं: एकतीस. "बंद करा," त्या म्हणाल्या. "आता नुमाझावासान, तुमचं उघडा." त्यांचं तर गेल्याच वर्षी आलेलं, चकचकीत. एकतीस. भांडारातलं: तीस. डब्यांच्या खोलीतलं: एकतीस.

"कुणीही चालतो," सेन्सेई हळूच म्हणाल्या. "फक्त दुसरा माणूस आला पाहिजे."

मी खुर्चीत बसलो. बरं वाटत होतं.

कुवाबारासानांची झोप मात्र आता उडाली होती. ते सर्व्हरच्या पडद्यासमोर बसले आणि सेन्सेईंना पुन्हा चिठ्ठ्या काढायला लावल्या. थोड्या वेळाने ओरडले, "इकडे या, इकडे या!" फाइलच्या शेजारी एक छोटीशी फाइल होती. सेन्सेई एकट्या असताना ती निमूट यायची आणि जायची. दुसरा कुणी आत असला की तिच्यापाशी झटापट सुरू व्हायची.

"ही हजेरीची वही आहे," कुवाबारासान म्हणाले. "कोण आत आहे ते हिच्यात लिहिलं जातं. शेवटचा माणूस बाहेर पडला की वही फाडून टाकायची, असा नियम. आता तुमचा प्रोग्राम काय करतो? एका मुलाचं नाव वाचायला आत जातो, बाहेर येतो. अंड्याची नोंद वाचायला आत जातो, बाहेर येतो. दर वेळी बाहेर येताना वही फाडायला बघतो. तुम्ही एकट्या असलात तर पटकन फाटते. पण आत दुसरा असला तर म्हणते, थांब, हा अजून आत आहे. तो पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो. आणि असं हजारो वेळा."

नुमाझावासान म्हणाले, "जपानीत सांगाल का?"

सेन्सेईच बोलल्या. "स्वयंपाकघरात जाताना काय करतो आपण? चपला बदलायच्या, पांढरे बूट घालायचे, अंगावर चिकट रोलर फिरवायचा, हात दोनदा धुवायचे. एकेका गाजरासाठी बाहेर येऊन परत आत गेलो, आणि दाराशी गर्दी असली, तर सूप कधी व्हायचं?"

"अगदी तेच," कुवाबारासान म्हणाले.

"मग आतच राहू या ना."

"म्हणजे?"

"सकाळी आलं की प्रत्येकाने या फाइलमधली एखादी छोटी खिडकी उघडायची आणि घरी जाईपर्यंत बंद करायची नाही. मग मशीन दिवसभर आतच राहील. बूट बदलायलाच नकोत."

कुवाबारासान ताडकन उठले. मग प्रत्येक मशीनवर त्यांनी शाळांच्या नावांची खिडकी उघडून एका कोपऱ्यात सरकवून ठेवली. पाचही जण आत. सेन्सेईंनी बटण दाबलं. प्रिंटर सुरू झाला आणि थांबेचना. त्रेसष्टावी चिठ्ठी पडली तेव्हा टायमरवर तीन मिनिटं आणि पन्नास सेकंद झाले होते. भांडारवाला टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या.

कुणालाही वाटेल की गोष्ट इथे संपली. नुमाझावासानांना तसंच वाटलं, ते कोट चढवत होते. सेन्सेई जागच्या हलल्या नव्हत्या.

"मार्चमध्ये हे का होत नव्हतं?"

"सुटलं ना आता!" कुवाबारासान कळवळून म्हणाले.

"का बिघडलं ते कळलं नाही तर पुन्हा बिघडेल."

मार्चमध्ये इथे असलेली आणि आता नसलेली एकच व्यक्ती होती, नोंदी ठेवणाऱ्या ओकुयामा तोकिएसान. एकतीस मार्चला निवृत्त झाल्या. मी त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्या भाताच्या रोपांना पाणी देत होत्या, मागे नळाचा आवाज येत होता.

"मी? मी कुठे काय करत होते? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हो. सकाळी सगळ्यांना शाळांचं कॅलेंडर उघडायला लावायचे तेवढं. कुणाची सहल, कुणाचे खेळ, ते समोर असावं म्हणून. विसरलात का, सुगाईसान? दिवसभर कोपऱ्यात असायचं ते."

"ते कॅलेंडर या डेटाबेसमध्येच होतं?" सेन्सेईंनी विचारलं.

"तर! दुसरीकडे कुठे असणार? का हो, आता नाही उघडत?"

एप्रिलच्या पहिल्या तारखेला ते कॅलेंडर स्वयंपाकघराबाहेरच्या मोठ्या फळ्यावर गेलं होतं, कारण हात ओले असलेल्या बायकांना कॉम्प्युटरपाशी येऊन बघता येत नव्हतं. फळा उत्तम होता, सगळ्यांना आवडला होता. तो आणला होता शिओनो सेन्सेईंनी. "आता कॉम्प्युटरवर उघडायची गरज नाही," हे आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं.

सेन्सेईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी ओकुयामासानांचे आभार मानले, रोपं कशी आहेत विचारलं, आणि फोन ठेवला. मग आम्हा सगळ्यांसमोर वाकल्या. "माझ्यामुळे झालं. चार आठवडे तुम्हाला त्रास दिला. सुगाईसान, तुमच्या मशीनवर संशय घेतला, त्याची वेगळी माफी."

"मशीनला सांगतो," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

सोमवारी गावाच्या कचेरीला अहवाल पाठवायचा होता. नुमाझावासानांनी एक ओळ लिहून आणली: सर्व्हर जुना झाल्यामुळे विलंब झाला, उपाय करण्यात आला. सेन्सेईंनी ती वाचली आणि पेन घेऊन खोडली.

कुवाबारासान गुरुवारची वाट न बघता आले. "सेन्सेई, ऐका माझं. तुम्ही खरं कारण लिहिलंत तर मला नवा सर्व्हर कुणी देणार नाही. चार वर्षं मागतोय. आता कुठे होकार येत होता. एवढं एक वाक्य राहू द्या ना. खोटं थोडंच आहे? म्हातारा तर आहेच तो!"

"म्हातारा आहे हे मी वेगळं लिहीन. पण माझी चूक त्याच्या माथी कशी मारू?"

"कुणाचं बिघडणार आहे?"

"उद्या दुसऱ्या केंद्रात कुणी फळा आणेल. त्यांना हा अहवाल मिळाला तर त्यांचे चार आठवडे वाचतील."

त्यांनी दोन पानं लिहिली. पहिल्यावर टायमरच्या सगळ्या वेळा, छोट्या फाइलचं प्रकरण आणि सरळ शब्दांत, कॅलेंडर बंद करण्याचा निर्णय माझा होता. दुसऱ्यावर सर्व्हर किती वर्षांचा आहे, कुठला भाग कधी बंद पडेल सांगता येत नाही, तेव्हा तो बदलावा, अशी विनंती. खाली सही म्हणून आपल्या नावाचा शिक्का मारला. नुमाझावासानांनी सुस्कारा सोडून शेजारी स्वतःचाही मारला, आणि मग डोंगरातल्या मुख्याध्यापकांना स्वतःहून फोन लावला. त्यांनी आपणहून फोन उचललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

नवा सर्व्हर त्या वर्षी मिळाला नाही. दोन गुरुवार कुवाबारासान आले, काम केलं, आणि सेन्सेईंशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी ते मशीन चालू होताच खिडकी आपोआप उघडेल अशी सोय करून गेले, म्हणजे कुणी विसरायलाच नको. काम संपलं तेव्हा बारा वाजून गेले होते. त्या दिवशी करी होती आणि वास सगळ्या इमारतीत पसरला होता. सेन्सेईंनी विचारलं, "कुवाबारासान, जेवून जाता ना?"

ते दारात घुटमळले. "तुमच्याकडे पाहुण्याच्या ताटाचीही चिठ्ठी लागते का?"

"तुम्हाला काय चालत नाही?"

"गाजर," ते म्हणाले, आणि आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.