केतन लग्नात नव्हता

विनता गावंडेला राज्यमंत्री होऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळातलं तिचं एकही भाषण कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. राज्यमंत्र्याचं काम तसंच असतं. कागद पटलावर ठेवायचे, मोठे मंत्री दौऱ्यावर असले की प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि एखाद्या चर्चेत दहा मिनिटं मिळाली तर खात्यानं लिहून दिलेलं वाचायचं.

डिसेंबरात राज्यसभेत एका विधेयकावर चर्चा होती. ज्यांची बुद्धी लहानपणीच मागे राहिली, अशा माणसांची जबाबदारी आई-वडील गेल्यावर कुणी घ्यायची, असा त्याचा विषय. विनता आकडे वाचत होती. निम्मं सभागृह रिकामं होतं. तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक म्हातारे सदस्य म्हणाले, "मंत्रीजी, आपके घर में है कोई ऐसा?"

तिनं कागदावरून मान वर केली. "है," ती म्हणाली. "मेरा छोटा भाई, केतन."

सभागृह गप्प झालं. आपल्या बोलण्यानं माणसं अशी गप्प होतात हे तिला ठाऊकच नव्हतं. ती तिथंच थांबली असती तर सगळं खरं राहिलं असतं. पण ती बोलत गेली. जबलपूरचं अधारतालचं घर, फॅक्टरीत नोकरी करणारे वडील, आई, दोघी बहिणी. आमच्या घरात केतनला कधी कुणी लपवलं नाही, ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "मेरे विवाह में मेरा भाई मेरे बगल में खड़ा था."

दोन्हीकडची बाकं वाजली. मोठे मंत्री स्वतः उठून तिच्या जागेपाशी आले. त्या दिवसभर तिच्या भाषणाचा तो तुकडा मोबाइलवर फिरत राहिला.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, ज्योतीचा फोन आला. ज्योती अधारतालच्याच घरात राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं. शाळेत नोकरी आणि केतन, एवढंच तिचं जग.

"ताई, केतन तुझं भाषण पाहून राहिला. दुपारपासून वीसदा लावलं असेल," ज्योती म्हणाली.

"आवडलं त्याला?"

"त्याचं नाव घेतलं ना तू. शेजारच्या सगळ्यांना दाखवून आला. आता लग्नातला फोटो मागून राहिला. तुझ्या बाजूला उभा असलेला. काय सांगू त्याला?"

"शनिवारी येते," म्हणून विनतानं फोन ठेवला.

तो फोटो असणं शक्य नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी जानेवारीत विनताचं लग्न झालं तेव्हा केतन जबलपूरजवळ पनागरला होता. वडिलांच्या फॅक्टरीतले तुळशीरामकाका निवृत्त होऊन तिथं शेती करायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी ते मोटारसायकलवर आले आणि वीस वर्षांच्या केतनला मागे बसवून घेऊन गेले. अमरावतीच्या सासरच्यांना तोवर एवढंच माहीत होतं की विनताच्या वडिलांना, मुरलीधररावांना, दोन मुली आहेत. सहा महिन्यांनी कळलं तेव्हा नवरा, योगेंद्र, म्हणाला होता, "एवढंच होतं तर सांगायचं ना." त्या एका वाक्यानं विनताला जेवढं खजील केलं होतं तेवढं भांडणानंही केलं नसतं.

शनिवारी दुपारी ती अधारतालला पोचली. सोबतच्या पोलिसाला तिनं कोपऱ्यावरच थांबवलं. केतन दारात उभा होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, कानापाशी पिकलेला, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली.

"मोठी ताई, फोटो आणला?"

"आत चल, सांगते."

ज्योतीनं चहा ठेवला होता. विनता खुर्चीवर न बसता केतनजवळ पलंगावर बसली. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता आठवेना.

"केतन, फोटो नाही आहे. तू लग्नात नव्हता."

"टीव्हीत तू बोलली, होतो म्हणून."

"मी खोटं बोलले."

"मी पनागरला होतो," केतन म्हणाला. "तुळशीरामकाकाकडे. मटर तोडले. दोन पोते तोडले. काकू म्हणे, चल जेव, तर मी नाही जेवलो. बाबा येणार होते घ्यायला, तर जेवायचं कशाला?" मग तो स्वतःशीच म्हणाला, "नवा शर्ट घालून गेलो होतो मी."

त्याला सगळं आठवत होतं. फक्त बहिणीनं इतक्या लोकांपुढे सांगितलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असेल, असं त्याला वाटलं होतं. विनतानं त्याचा हात धरला. त्यानं तो धरू दिला, पण बघत राहिला खिडकीकडे.

"जाऊ दे ताई," ज्योती कपात चहा ओतत म्हणाली. "तू काय करशील त्याला? आईनं पाठवलं होतं त्याला. तिचंच डोकं."

इथंही गप्प बसता आलं असतं. इतकी वर्षं बसलीच होती.

"आईनं नाही," विनता म्हणाली. "मी सांगितलं होतं. आई नाही म्हणत होती. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा तिनं तुळशीरामकाकांना निरोप पाठवला."

ज्योतीनं किटली खाली ठेवली.

"काय बोलून राहिली तू?"

"खरं तेच."

"मी आईशी किती वर्षं त्यावरून धड बोलले नाही." ज्योतीचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "ती शेवटी अंथरुणावर होती तेव्हासुद्धा ऐकवलं मी तिला. म्हटलं, तुला तुझ्या मुलाची लाज वाटली. तिनं मान फिरवून घेतली फक्त. ताई, तू तिथंच बसली होती. पायथ्याशी. तू काहून नाही बोललीस?"

आई त्या वेळी आपल्याकडे बघेल या भीतीनं विनता चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत बसली होती, एवढं तिला आठवत होतं. आईनं तिच्याकडे बघितलं नव्हतं. तिचं नावही घेतलं नव्हतं. आता ते ज्योतीला सांगून काय मिळणार होतं?

चहा कुणीच प्यायला नाही. निघताना ज्योती दारापर्यंत आली नाही.

दिल्लीत परतल्यावर विनतानं तिचे स्वीय सचिव अंबरीश यांना बोलावलं आणि सभापतींना द्यायचं पत्र सांगितलं. चर्चेत आपल्याकडून चुकीची माहिती दिली गेली, तिचं वैयक्तिक स्पष्टीकरण करायची परवानगी मिळावी, असं. अंबरीशनी लिहून घेतलं आणि पेन बंद केलं.

"मॅडम, यावर कुणी हरकत घेतलेली नाही."

"ठाऊक आहे."

मोठ्या मंत्र्यांनी तेच जरा कडक शब्दांत सांगितलं. घरातली गोष्ट आहे, कोण तपासायला बसलंय, आणि विधेयक त्या भाषणावर तरलंय. विनतानं ऐकून घेतलं आणि पत्र पाठवलं.

परवानगी फेब्रुवारीत मिळाली. प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर ती उभी राहिली आणि दोन मिनिटं बोलली. माझा भाऊ माझ्या लग्नात नव्हता, त्याला माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या गावी ठेवलं होतं, तो दोष माझ्या आईचा नव्हता, माझा होता. शेवटचं वाक्य सभागृहाला कळण्याचं कारण नव्हतं. ते ज्योतीसाठी होतं. या वेळी बाकं वाजली नाहीत. ते म्हातारे सदस्य कानामागे हात धरून ऐकत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी मान हलवली, पण ती कशासाठी, हे तिला कळलं नाही. मोठे मंत्री महिनाभर तिच्याशी फायलींपुरतं बोलले. एका वर्तमानपत्रानं टिंगल केली, दुसऱ्यानं हिंमत म्हटलं. हिंमत हा शब्द वाचून तिला जास्त अवघडल्यासारखं झालं.

ज्योतीचा चार दिवसांनी निरोप आला. ऐकलं. एवढंच.

मार्चमध्ये सुट्टीच्या दिवशी विनता जबलपूरला गेली. ज्योतीनं दार उघडलं, पाणी दिलं, शाळेच्या वह्या तपासत बसली. केतनला नर्मदेवर ग्वारीघाटला न्यावं, नावेत बसवावं, असं विनतानं ठरवलं होतं. त्याला नाव फार आवडायची.

"केतन, चल, गाडीतून फिरून येऊ."

केतननं दारातली गाडी पाहिली आणि मागच्या खोलीत जाऊन कडी लावली.

"केतन? घाटावर जाऊ. नावेत बसू."

"मी नाही जात पनागरला," आतून आवाज आला.

ज्योतीनं वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "तू सांगून गेल्यापासून तेच चाललंय. गाडी दिसली की आत पळतो. सत्तावीस वर्षं विसरून बसला होता बिचारा." मग तिला वाईट वाटलं असावं. "विसरला नव्हता म्हणा. पण भीत नव्हता."

विनता त्या बंद दाराशी उभी राहिली. खरं बोलून आपलं ओझं हलकं झालं असेल-नसेल, पण त्यातलं बरंचसं याच्या अंगावर गेलं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. ती एकटीच परत गेली.

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी येत राहिली, स्टेशनवरून रिक्षा करून. कधी केतन बोलायचा, कधी नाही. एप्रिलअखेरीस तो आपणहून फाटकापाशी आला.

"घाटावर जायचं?"

"जाऊ ना."

"आजच परत यायचं?"

"आजच. जेवायच्या आधी."

"लिहून दे."

विनतानं पर्समधून डायरी काढली, पान फाडलं आणि लिहिलं: केतन आज संध्याकाळी जेवायच्या आधी घरी परत येईल. खाली सही केली. केतननं तो कागद आत नेला आणि ज्योतीला दोनदा वाचायला लावला.

"बरोबर लिहिलं?"

ज्योतीनं कागदाकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या विनताकडे. "बरोबर आहे," ती म्हणाली. "चलो, मी पण येते. चप्पल घाल."

रिक्षात केतन ज्योतीच्या पलीकडे, कडेला बसला. विनतापासून लांब. सदर बाजारातून जाताना त्यानं रिक्षावाल्याला वेळ विचारली. पाच वाजले होते.