चौसष्टपैकी चार

जव्हारला उज्ज्वलाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर इतका थकला होता, की तो चालू करून ती समोरच्या टपरीवर बायडीकडे चहा पिऊन आली तरी उठतच असायचा. शेवटी तिने विंडोज काढून जुन्या मशीनवर चालणारं हलकं लिनक्स टाकायचं ठरवलं. गिऱ्हाइकांची सगळी कागदपत्रं दोन डिस्कवर उतरवली, एक डिस्क मोखाड्याला बहिणीकडे ठेवली आणि लिनक्सची फाइल डाउनलोड केली.

तेवढ्यात दाभोशाचे वाळूकाका नातीच्या दाखल्याचा अर्ज भरायला आले.

"काका, फाइल वाटेत बिघडली नाही ना, ते बघायचंय. मूळ फाइलच्या ओळखीची चौसष्ट अक्षरं वेबसाइटवर दिलीत, ती मी मोबाइलवर वाचते. आपल्या फाइलची कॉम्प्युटरने काढलेली तुम्ही स्क्रीनवर बघा. सगळी सारखी हवीत. नऊ."

"चार."

"नऊ, काका."

"चार हाय! मोतीबिंदू काढून महिना नाय झाला. नवा डोळा हाय."

"बरं, पुढे. ए."

"सात."

चहा घेऊन आलेली बायडी दारातच थबकली. "कोणाचं लगीन जुळवताय?"

"मोडलं," शेवटी वाळूकाका म्हणाले. "चौसष्टात चार जुळली."

उज्ज्वलाला रडू यायचं बाकी होतं. सकाळभर रेंज येत-जात होती. "तशीच टाकू का?"

"नाय जुळत तर नाय. दुसरी आण."

दुसऱ्या फाइलच्या वेळी एकेक अक्षर जुळू लागलं तसा काकांचा आवाज चढत गेला. साठाव्या अक्षराला दारात चौघं उभे होते. चौसष्टाव्याला बायडीने टाळी वाजवली.

उज्ज्वलाने आधी नुसत्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रिंटर, इंटरनेट, मराठी टायपिंग तपासलं, मगच ते मशीनवर टाकलं. लगेच अपडेट आला. तो अर्ध्यावर असताना लाइट गेली. यूपीएस कोकलू लागला. काका दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले.

"कोणी आत यायचं नाय! धक्का लागंल!"

यूपीएसने मान टाकायच्या आत अपडेट संपला. लाइट आल्यावर अर्जही गेला, पण तोवर शेवटची जीप निघून गेली होती. उज्ज्वलाने काकांना स्कूटीवर घेतलं.

गावात उतरल्यावर काकांनी घाम पुसला. "लई घाबरलो गं."

"लाइट गेली तेव्हा?"

"नाय. तुझ्या गाडीवर."