एकशे अठरा गावं

मुखरूभाऊंना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. वडशाच्या एका नाटक कंपनीत ते बारा वर्षांपासून आवाजाच्या कॉम्प्युटरवर बसत. त्याच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यातलं पिवळं बटण म्हणजे वीज, त्याखाली रेल्वे, शेजारी रडारडीची सनई. नट वाक्यं विसरत, पण मुखरूभाऊंची वीज कधी चुकली नाही.

यंदा दिवाळी सरली आणि कॉम्प्युटरच्या पोटात कटकट सुरू झाली. उद्या हंगामातलं पहिलं नाटक. भाऊंनी कॉम्प्युटरचा डबा सायकलला बांधला आणि थेट कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ललिताचं दुकान गाठलं.

ललितानं कान लावून ऐकलं. "डिस्क मरून राह्यली, भाऊ. अन् माह्यापाशी तुमच्यापेक्षा लहानच आहे, निम्म्याची. मोठी नागपूरवरून याले चार दिवस लागते. याच्यात नवीन विंडोज टाकून देऊ का? लवकर होते."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. नवीन म्हणजे बटणं नवीन जागी. शिवाय मालक गेल्या हंगामापासून म्हणतच होते, एखादा लॅपटॉपवाला बघावा. उद्या वीज चुकली की भाऊंची खुर्ची गेलीच.

"नवीन नको, बाई. मी जागा पाहून काम करतो. जसं आहे तसंच उचलून नाई ठेवता येत का?"

ललिता हसली नाही, याचं भाऊंना फार बरं वाटलं. "येते. पण सामान मावलं पायजे."

मोठ्या कणगीतलं धान लहान कणगीत भरायचं तर आधी कोंडा पाखडावा लागतो, हे वडशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोंडा कुठे आहे ते बघायला तिनं डिस्क उघडली आणि कपाळाला हात लावला. आत एकशे अठरा फोल्डर. नवरगाव, कुरखेडा, सिंदेवाही, आरमोरी... प्रत्येकात तीच वीज, तीच रेल्वे, तीच सनई.

"दर गावाले तेच आवाज नव्यानं काऊन भरले, भाऊ?"

"ज्या गावानं बोलावलं, जेवू घातलं, त्याले आदल्या गावचं शिळं कसं वाढाचं?"

आता मात्र ललिता पोट धरून हसली. मग समजावून म्हणाली, "आवाज शिळा नाई होत, भाऊ. एक ठेवू, बाकीचे काढू. नाई तर काई मावत नाई."

भाऊंना एकेक गाव आठवलं. कुरखेड्याला अंजनाबाईंनी तापात त्यांना पेज करून पाजली होती. नवरगावला लोकांनी पावसात मंडप धरून ठेवला होता, पण नाटक बंद पडू दिलं नव्हतं. शेवटी मान वळवून म्हणाले, "काढा. मले दाखवू नका."

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. आत ललितानं काढायचं ते काढलं, उरलेलं लहान डिस्कच्या मापात आटवून नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. दोन तास कटकट चालली. जुनी डिस्क मधेच गचकेल की काय, म्हणून भाऊंनी ओळखीचे सगळे देव आठवले.

दुपारी तिनं भाऊंना आत बोलावलं, नवी डिस्क जोडून बटण दाबलं. पडदा काळा. भाऊ वाकून पडद्याच्या मागंपुढं बघू लागले.

"घाबरू नका. कॉम्प्युटर अजून जुनीलेच शोधून राह्यला." तिनं एक-दोन ठिकाणी बदल केला आणि पुन्हा सुरू केलं.

पडदा उजळला. पिवळं बटण डाव्या कोपऱ्यात. भाऊंनी दाबलं आणि असा गडगडाट झाला, की समोरच्या दुकानदारानं बाहेर येऊन आभाळाकडं पाहिलं. भाऊंचा जीव भांड्यात पडला.

"अन् हे पाहा," म्हणत तिनं गावांची यादी उघडली. एकशे अठराही फोल्डर जागच्या जागी होते.

"काढले नाई का, बाई?"

"आतलं काढलं. एकट्या आरमोरीत ठेवलं आहे. नावाले काई जागा लागत नाई, भाऊ. गावं कशाले पुसाची?"

भाऊंनी डोळे पुसले, नाक ओढलं. पैसे किती म्हणून विचारायचंही सुचलं नाही. मग म्हणाले, "आणखी एक फोल्डर बनवून द्या."

"उद्याच्या गावाचा ना? पण आत पुन्हा काई भरू नका बरं!"

"नाई भरत."

त्यांनी मराठी अक्षरं चिकटवलेला कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, एकशे एकोणिसावं नाव लिहिलं: ललिताबाई.