खालची ओळ

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडे ठेवूनच कल्पना करा, की तुम्ही बोलता तेव्हा तुमच्या हनुवटीखाली, हवेत, पांढरी अक्षरं उमटतात. वाक्य बोलून झालं की विझतात. आमच्या कॉलनीत सध्या असंच होतं, आणि त्याची सुरुवात माझ्या हॉलमध्ये झाली.

मी शाळेत शिकवायचे, म्हणून मुलं मला अजून बाई म्हणतात. रविवारी दुपारी ती माझ्याकडे ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघायला येतात. 'ढगांचं टपाल' ही मालिका संपली तेव्हा सगळी हिरमुसली. चौथीतली इरावती तर चपला घालायलाच तयार होईना.

"बाई, अगदी अशीच दुसरी आहे का हो?"

"अगदी अशीच नसते, बाळा. पण तुला ही आवडली ना, मग 'पाण्याखालची शाळा' आवडेल. तशीच मैत्री, बघूनच भूक लागावी अशी काढलेली जेवणं. तिकडे आभाळ होतं, इकडे तळं. जरा संथ आहे. तीन भाग तरी बघ, मग ठरव."

"शेवट गोड आहे?"

"शेवटी ना..."

"नाही! सांगायचं नाही!" सगळ्यांचे हात कानांवर गेले. पुढचं कुणी सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. तो मोडला म्हणून एकाला महिनाभर कुणी शेजारी बसू दिलं नव्हतं.

मालिकेतली माणसं जपानी बोलतात आणि खाली मराठी ओळ येते. इरावतीची धाकटी बहीण जुई बालवाडीत आहे, तिला वाचता येत नाही. म्हणून इरावती प्रत्येक ओळ तिला मोठ्याने वाचून दाखवते. तोंडात लाडू असला तरी एकही ओळ सोडत नाही.

'पाण्याखालची शाळा'चा पहिला भाग संपला. जुई म्हणाली, "मला शू लागली," आणि तिच्या हनुवटीखाली ते लिहून आलं. मुलं लोळून हसली. जुई मात्र रडली.

पुढच्या रविवारी दुसरा भाग पाहिला. तेव्हापासून अक्षरं आधी येऊ लागली आणि बोलणं मागून. मुलींची आई सुनंदा चावी द्यायला आली, तर तिच्या हनुवटीखाली 'अगंबाई, दूध!' असं लिहिलेलं. ती दारात निवांत उभी होती. मग म्हणाली, "अगंबाई, दूध!" आणि पळाली.

मी वळून पाहिलं तेव्हा हॉल लांब झाला होता. टीव्हीची भिंत पार दूर गेली होती. सोफ्याच्या जागी बाकं होती, एकामागे एक. खिडकीतून हिरवा उजेड येत होता आणि फरशी ओली होती.

ती बाकं मी ओळखली. ती 'पाण्याखालची शाळा'मधली होती. तिसऱ्या भागात घंटा होते आणि शाळेतल्या बाई हजेरी घेतात. जो 'हजर' म्हणतो तो तळ्यातच राहतो. शेवटच्या भागात सगळी बाकं भरतात आणि मालिका संपते. वर कुणीच येत नाही. चित्रात ते फार सुंदर दिसतं.

"इरावती, पुढचा भाग बघायचा नाही."

"बाई! तुम्हीच म्हणालात तीन भाग तरी बघ."

"म्हणाले. आता ऐक माझं. घंटा झाली की त्या बाई..."

"सांगू नका ना!" तिने कान घट्ट दाबले. बाकीचे ओरडत अंगणात पळाले. जुई ताईच्या फ्रॉकला धरून तिथेच राहिली.

मी टीव्ही बंद केला. पडदा काळा झाला. तरीही घंटा झाली. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

माझ्या हनुवटीखाली उजेड पडला. मी खाली पाहिलं. लिहिलं होतं, 'इरावती पेंढारकर.'

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तेव्हा काळ्या पडद्यातून माझाच आवाज आला, वर्गात यायचा तसा, शांत. "इरावती पेंढारकर."

कान दाबलेले असल्याने इरावतीला काही ऐकू गेलं नाही. पण तिच्या हनुवटीखाली ओळ आली, 'हजर, बाई.'

मी जोरजोरात मान हलवली. ती शहाणी पोर आहे. तिने ओठ मिटून घेतले. अक्षरं विझली नाहीत. ती बोलली जाण्याची वाट बघत तशीच राहिली.

पाणी जुईच्या गुडघ्याला लागलं. तिने बहिणीचा फ्रॉक ओढला.

"ताई, काय लिहिलंय?"

वाचू नकोस, असं मी ओरडले. माझ्या हनुवटीखाली काहीच उमटलं नाही, आणि जे उमटत नाही त्याला आता आवाज नसतो.

"ताई, सांग ना. काय लिहिलंय?"

जुईच्या हनुवटीखालचा प्रश्न वाचून इरावतीने कानांवरचे हात काढले. मान खाली घालून ती उलटी दिसणारी अक्षरं तिने नीट पाहिली, आणि जुईला ओळ वाचून दाखवण्याआधी ती नेहमी घेते तसा श्वास घेतला.