चोपन्नवर अडकलेला लाल काटा

मी अग्निशमन केंद्रातला चाप बोलतोय. कागदोपत्री मला पकडमापक म्हणतात, पण त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. मला मुठीत धरायचं आणि जीव खाऊन दाबायचं. मग तबकडीवर कळतं, मुठीत किती किलोंचा जोर आहे.

मला दोन काटे आहेत. काळा काटा मुठीबरोबर वर चढतो आणि मूठ सैल झाली की शून्यावर येतो. लाल काटा मात्र काळ्याने ढकलला तिथेच थांबतो, म्हणजे आकडा सावकाश वाचता येतो. पुढच्याच्या हातात देण्याआधी तो बोटाने मागे आणायचा. एवढंसं काम, आणि तेवढ्यापायी एक माणूस गेला.

दरवर्षी केंद्राच्या पटांगणात सगळ्या जवानांची चाचणी होते. दम बघायला बारा मिनिटं धावायचं, चपळाईसाठी खांबांमधून वळणं घेत पळायचं, तोल बघायला डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. लवचिकतेसाठी पेटीला तळपाय टेकवून बसायचं आणि हात पुढे सरकवायचे. तिथे भल्याभल्यांची पोटं आडवी येतात आणि हसून हसून पुरेवाट होते. माझ्यापाशी मात्र कोणी हसत नाही. चाळीस किलोंच्या खाली गेलेल्याला शिडीवरून काढून टेबलाशी बसवतात.

काका केंद्रातले सगळ्यात जुने जवान. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी मला पहिल्यांदा दाबलं तेव्हा माझी स्प्रिंग कुरकुरली होती. छप्पन्न! इतर जण मला टेबलावर आदळायचे. काका हळूच ठेवायचे आणि विचारायचे, "बरा आहेस ना रे?" माझा फार जीव होता त्यांच्यावर.

गेल्या वर्षी रांगेत त्यांच्या पुढे एक तरुण जवान होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. काकांनीच त्याला शिडी चढायला शिकवलेलं. त्याने चोपन्न किलो दाबले आणि मागे वळून म्हणाला, "काका, जरा बेताने हं. चाप मोडाल!"

ऊन चढलं होतं, मागे अजून अठरा जण ताटकळत होते. चाचणी घेणाऱ्या सरांनी चोपन्न लिहिलं आणि घाईघाईत मला तसंच काकांच्या हातात दिलं. लाल काटा मागे आणायचा राहून गेला.

काकांनी दाबलं. बोटं तीच होती, पण जोर कुठे गेला होता कोण जाणे. काळा काटा सव्वीसपर्यंत कसाबसा चढला, थरथरला आणि खाली आला. लाल काटा चोपन्नवर ढिम्म.

सरांनी मला घेतलं. "चोपन्न! काका, या वयात?"

"तुम्ही तर बाप निघालात!" पैलवानाने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

काकांनी तबकडी पाहिली. त्यांना कळलं, त्यांना नाही कळणार तर कोणाला? त्यांचे ओठ हलले. मग ते नुसते हसले आणि हात खिशात घालून पुढच्या चाचणीकडे निघून गेले. मी ओरडलो असतो, पण मला आवाज नाही.

तीन महिन्यांनी एका कापडाच्या गोदामाला दुपारी आग लागली. मी कपाटात होतो; परतलेले जवान बोलत होते ते ऐकलं. दुसऱ्या मजल्याशी शिडीवर पैलवानाचा पाय सटकला आणि शिडी बाजूला घसरली. वर खिडकीत काका होते. त्यांनी त्याचं मनगट धरलं. "धरलंय रे, घाबरू नकोस," असं म्हणालेही. खालचे शिडी सरकवत होते. त्याच्या पायापासून शिडी दोन वीत लांब उरली असेल, तेवढ्यात काकांची बोटं सुटली. पैलवान वाचला नाही. ज्याचा आकडा त्यांच्या नावावर लागला होता, त्याचाच जीव त्या मुठीत आला होता.

चौथ्या दिवशी काकांनी मला कपाटातून काढलं. नखाने लाल काटा शून्यावर आणला आणि दाबलं. तेवीस. मग त्यांनी सरांना बोलावून घेतलं.

"हे वहीत लिहा."

"काका, आता लिहून काय होणार?"

"चाचणीच्या दिवशीही जवळपास एवढंच होतं. घरी बरणीचं झाकणसुद्धा बायको उघडून देते मला. चारचौघांत सांगायची लाज वाटली हो."

सरांनी लाल काट्याकडे पाहिलं. त्यांना ती रांग आठवली असावी. "मीच तो मागे आणला नाही," एवढंच म्हणाले. वही उघडीच राहिली, कोणीच काही लिहिलं नाही.

आता माझ्या जागी आकडे उजळणारं नवं यंत्र आलंय. काका पुन्हा केंद्रात फिरकले नाहीत. मी कपाटाच्या खालच्या फळीवर गंज खात पडलोय. कधी माझ्यासारखा चाप तुमच्या हातात आला, तर दाबण्याआधी लाल काटा मागे आणा. आणि आकडा आपला नसेल, तर लाज गिळून तेवढं बोला. तुम्हाला तोंड आहे.

माझा लाल काटा अजून तेवीसवरच आहे. यावेळी आकडा अगदी खरा आहे, पण तो बघायला कोणी कपाट उघडत नाही.