मित्राचं काम

दुसऱ्याच्या प्रेमावर सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? आंधळगावच्या अंकुशला तर ती सवयच जडली होती, कारण गावच्या नाट्यमंडळात दरसाल त्याच्या वाट्याला मित्राचंच काम येई. नायक रडायचा, मित्र समजवायचा, शेवटी नायक मरायचा आणि मित्र त्याच्या उशाशी बसून बायकांना रडवायचा.

यंदाचं नाटक म्हणजे जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली शोकांतिका. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन घराणी, त्यांतली एक पोरगी नि एक पोरगा, आणि अखेरच्या अंकात विषाचा पेला. पण सुरुवातीला नायक झुरतो तो एका भलत्याच मुलीसाठी. ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा मित्र म्हणतो, ‘वेड्या, डोळे उघड! जगात काय एकच चेहरा आहे?’ या भाषणाला टाळ्या ठरलेल्या.

मंडळाचा नेहमीचा नायक जिल्हा परिषदेत कारकून होता. गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि त्याची बदली तिकडे झाली. दिवाळी तोंडावर आलेली, तिच्यामागून येणाऱ्या मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा, दिवस ठरलेला, आणि नायकच नाही! तेव्हा अंकुशने तुमसरच्या कॉलेजातला आपला दोस्त धरून आणला. अनुप चिखल्याचा, मँगनीजच्या खाणीत काम करणाऱ्या सेवकरामचा मुलगा. त्याच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, अंकुशकडे देवघर आणि हातमाग. पण दोघे एका ताटात जेवत. अनुपची आई अंकुशला पोटच्या पोरासारखं वाढायची.

अनुप तेव्हा खरोखरच नायकासारखा झुरत होता. वर्गातल्या खुशबूने त्याला तोंडावर नाही म्हटलं होतं, आणि या बहाद्दराने जेवण सोडलं होतं.

“अबे, कायले मरून राहिला तिच्यासाठी?” अंकुश त्याला म्हणाला. “थे तुयाकडं पायत बी नाही. तू दुसरीकडं पाय ना! आमच्या गावात ये, नाटकात काम कर. चार पोट्ट्या दिसतीन, आपोआप इसरशीन तिले.”

“आन् नाही इसरलो तं?”

“तं माह्यं नाव बदलवतो.”

तालमी अंकुशच्याच घरी, मागांच्या खोलीत सुरू झाल्या. टेकचंद, म्हणजे अंकुशचे बाबा, कोशाच्या रेशमाचं लुगडं विणता विणता तिरक्या डोळ्याने तालीम बघत. कोपऱ्यात धाकटी बहीण मोनिका मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसे. अनुप जेवू लागला, हसू लागला. अंकुशने स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपला सल्ला म्हणजे रामबाण!

एकाच गोष्टीचं त्याला नवल वाटे. या झाडीपट्टीत नाटकवाले भाषणं पाठ करत नाहीत. पडद्याआड प्रॉम्प्टर बसतो, तो आधी वाक्य म्हणतो आणि नट मागून म्हणतो. चिंधूकाका प्रॉम्प्टर, आणि त्यांच्या आवाजावर अख्खं मंडळ चाले. अनुपला मात्र सगळं नाटक तोंडपाठ. ‘हुशार आहे पोट्टा,’ असं म्हणून अंकुशने ते सोडून दिलं. कुणी पाठ करून घेतलं, हे विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

मंडईचा दिवस उजाडला. मंडईला घरोघर पाहुणे येतात आणि त्या निमित्ताने सोयरिकीही जुळतात. पवनीहून मोनिकाला पाहायला मंडळी आली, तिला पसंत करून बसली. टेकचंद त्यांना घेऊन मंडपात ऐटीत बसले होते. बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, आई शोभाताई आणि मोनिका.

पहिला अंक रंगला. अंकुशचं ते भाषण झालं, टाळ्या पडल्या. आता नायकाने म्हणायचं होतं, ‘नाही मित्रा, मी दुसरीकडे पाहणारच नाही.’ चिंधूकाकांनी ते आतून म्हटलंही. अनुप मात्र म्हणाला, “पाहिलं, मित्रा. तूच पाहायला सांगितलंस. आता तिच्यावाचून मला दुसरं काही दिसत नाही.”

हे वाक्य नाटकात नव्हतंच! अंकुशने गोंधळून समोर पाहिलं. मोनिकाचे ओठ हलत होते. जे वाक्य पुस्तकात नव्हतं, ते ती अनुपच्या बरोबरीने शब्द न् शब्द पुटपुटत होती.

त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. डोक्यात एकच विचार सण्णकन आला, ‘आमच्या घरात? हा?’ त्या ‘हा’नेच त्याला दुसरा धक्का दिला. आजवर अनुपला तो मनातल्या मनातसुद्धा असं म्हणाला नव्हता. हे आपल्यात कुठे दडून बसलं होतं?

मंडप चिडीचूप. लोकांना वाटलं, काय काम करतो पोरगा!

“अबे, बोल ना!” चिंधूकाका आतून खेकसले. “जा मित्रा, मी तुझ्या पाठीशी आहे!”

“जा मित्रा,” अंकुश म्हणाला, “मी तुझ्या पाठीशी आहे.”

मंडप दणाणला. पडदा पडताच अनुपने त्याला घट्ट मिठी मारली.

“मोनिका भेऊन राहिली होती, दादा काय म्हनन म्हून. उद्या पवनीवाले तारीख काढतीन, बापा. तू आताच बाबांसंग बोल. पाठीशी आहो म्हनलास ना!”

अंकुशने त्याचे हात सोडवले. “अबे, थे तं नाटकातलं होतं.”

अनुप एक पाऊल मागे सरला. रंगवलेल्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

“आन् एका ताटात जेवलो,” तो म्हणाला, “थे बी नाटकातलंच होतं का?”

अंकुशचा कान सवयीने पडद्याकडे गेला. पण तिथे कुणी नव्हतं. चिंधूकाका चहा प्यायला गेले होते.

एवढ्यात माईक खरखरला. मित्राच्या कामावर खूश होऊन टेकचंदजींनी बक्षीस लावलं होतं. कुणीतरी अंकुशला ढकलत पुढे नेलं. बाबांनी स्वतः स्टेजवर येऊन त्याच्या छातीला नोट टाचली आणि माईक हातात घेतला.

“दोस्त असावा तं असा!” ते म्हणाले. “शब्द देल्ला म्हंजे देल्ला!”

सगळे हसले, टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या मोनिका वाजवत होती, दादाकडे डोळे भरून बघत. तिने ते वाक्य खरं मानलं होतं.

अंकुशने मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोरगा लाजला.